मुलांना घेऊन जपानच्या किनाऱ्याने सायकल आणि तंबू: मार्ग कोणता, तयारी काय

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं कुटुंब, आईवडील, 11 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा. चौघंही नेमाने सायकल चालवतात. मे महिन्यात दहाएक दिवस हाताशी आहेत आणि तंबू टाकत जपानचा किनारा फिरायचा आहे. तोक्योजवळून प्रशांत महासागराच्या कडेने निघावं असं मनात आहे. सायकली इथून न्याव्यात का, शाकाहारी माणसांचं जेवणाचं काय, पाऊस आणि भूकंप यांचं काय, हे उपप्रश्न.

आधी मुख्य उत्तर: प्रशांत किनारा या वेळी सोडा. होन्शू आणि शिकोकू या मोठ्या बेटांमधल्या सेतो अंतर्गत समुद्रातल्या छोट्या बेटांवर जा. ओनोमिची ते इमाबारी हा, पुलांनी बेटं जोडणारा शिमानामी काइदो नावाचा मार्ग दहा दिवसांतले सहा-सात दिवस रमतगमत करा आणि उरलेले दिवस पावसासाठी, विश्रांतीसाठी आणि मुलांच्या मनासाठी मोकळे ठेवा. मी ओसाकात राहते आणि भारतातून येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांबरोबर या बेटांवर सायकलने जात असते. तेव्हा हे कागदावरचं ज्ञान नाही.

प्रशांत किनारा का नको, ते सांगते. तोक्योशेजारच्या चिबातल्या चोशीपासून वाकायामापर्यंत सुमारे 1,400 किलोमीटरचा प्रशांत किनारा सायकल मार्ग आहे आणि सरकारने त्याला राष्ट्रीय सायकल मार्गाचा दर्जाही दिला आहे. मोठ्यांसाठी तो सुरेख आहे. पण त्याचा बराच भाग साध्या हमरस्त्यावरून जातो. इझू आणि कीई द्वीपकल्पांत डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे एकामागून एक चढ आणि बोगदे. जुन्या बोगद्यांत रस्त्याला कडच नसते आणि ट्रकचा आवाज भिंतींवर आदळून इतका वाढतो, की लहान मूल घाबरून मध्येच ब्रेक दाबतं. शिवाय एक गाव सोडलं की पुढचं गाव डोंगरापलीकडे.

मुलांबरोबरचा मार्ग ठरवताना मी सगळ्यात आधी हे बघते: दुपारी दोन वाजता धाकटा रस्त्याच्या कडेला बसला आणि ‘आता मी पॅडल मारणार नाही’ म्हणाला, तर त्या जागी आपल्या हातात काय आहे? बोट आहे का, बस आहे का, तासाभरात गाठता येईल असं छप्पर आहे का? समुद्र किती निळा आहे हे त्यानंतर. शिमानामीवर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी या प्रश्नाला उत्तर सापडतं. बेटांना जोडणाऱ्या बोटी आहेत, गावागावांत घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत. ‘सायकल ओएसिस’ असा फलक लावलेली दुकानं आणि घरं आहेत, तिथे बसायला जागा, पाणी आणि हवेचा पंप मिळतो. ओनोमिची आणि सेतोदा यांच्यामध्ये सायकलींसाठी खास जागा असलेली बोट धावते. म्हणजे दोन बेटं पार करून मुलं गळून गेली, तर सायकलींसकट परतही येता येतं.

मार्गाची लांबी सुमारे 70 किलोमीटर. हौशी सायकलवाले तो एका दिवसात उरकतात. तुम्ही तसं करू नका. मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा अशी सहा बेटं आहेत. शेवटचे पूल 1999 मध्ये खुले झाले आणि सगळी साखळी जोडली गेली. रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ आखलेली आहे आणि ठरावीक अंतरावर ओनोमिची किंवा इमाबारी किती किलोमीटर राहिलं ते रस्त्यावरच लिहिलेलं आहे. तुमच्या मुलीला नकाशाची जबाबदारी द्या, ती रेघ धरून पुढे राहील. जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून मुलांच्या अंगवळणी पडलेलं काहीच बदलावं लागत नाही. युरोपात हीच सहल केली असती तर पहिले दोन दिवस त्यातच गेले असते.

चढाची भीती नको. पूल उंचावर आहेत, पण त्यांच्यावर चढणारे सायकलींचे रस्ते वळणावळणाने, साधारण तीन टक्के चढाने नेलेले आहेत. कोकणातले घाट चढलेल्या मुलांना तो चढ जाणवेल, पण उतरून ढकलावं लागणार नाही. खरा दमवणारा भाग ओशिमा बेटावर आहे. तिथे रस्ता बेटाच्या मधून जातो आणि दोन खिंडी लागतात. ते बेट सकाळी, ताज्या पायांनी करा.

पुलांवर मुलांना मनसोक्त वेळ द्या. इन्नोशिमाच्या पुलावर सायकली गाड्यांच्या खालच्या मजल्यावरून जातात. डोक्यावरून ट्रक गडगडतात आणि बाजूच्या जाळीतून समुद्र दिसतो. ताताराच्या पुलावर तर थांबाच. हा तारांनी तोललेला पूल आहे, मधला गाळा 890 मीटरचा आणि बांधला तेव्हा या प्रकारात जगातला सगळ्यात लांब. त्याच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन लाकडी ठोकळे ठेवलेले असतात. ते एकमेकांवर आपटले की आवाज मनोऱ्याच्या दोन पायांमध्ये आपटत आपटत वर चढत जातो आणि बऱ्याच उंचीवर विरतो. ड्रॅगन ओरडतोय असं तिथले लोक म्हणतात. मुलं तिथून हलत नाहीत, आणि पुढे प्रत्येक मनोऱ्याखाली टाळ्या वाजवून बघतात. याच पुलाच्या मध्यावर हिरोशिमा प्रांत संपून एहिमे सुरू होतो. सीमारेषा रस्त्यावर आखलेली आहे. एक चाक इकडे, एक चाक तिकडे असा फोटो काढल्याशिवाय तुमचा मुलगा पुढे सरकणार नाही.

आता दिवसांची आखणी. पहिला दिवस ओनोमिचीत. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुयामाला उतरून लोकल गाडीने वीसेक मिनिटांत तिथे पोचता येतं. सायकली तपासा, गल्ल्यांतून फिरा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी समोरच्या मुकाइशिमाला जाणारी छोटी बोट धरा, पाच मिनिटांत पलीकडे. तिथून इन्नोशिमापर्यंतच जा आणि मुक्काम पक्क्या छपराखाली करा. पहिल्याच सायकलच्या दिवशी तंबू नको, कारण सामान बांधण्याची लय बसायला एक दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी इकुचिजिमावरचं सेतोदा. तिथल्या सनसेट बीचवर तंबूंची सोय आहे आणि किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. इथे दोन रात्री राहा. सामान तंबूत ठेवून रिकाम्या सायकलवर बेटाभोवती फिरणं हे मुलांच्या दृष्टीने सहलीतलं सगळ्यात सुखाचं काम असतं. हिरोशिमा हा जपानचा सगळ्यात मोठा लिंबू पिकवणारा प्रांत आणि सेतोदा त्याचं माहेरघर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पोचलात तर लिंबू-संत्र्यांच्या बागा फुललेल्या असतात आणि सबंध रस्ता त्या वासाने भरलेला असतो. कोसानजी देवळामागची पांढऱ्या संगमरवराची टेकडीही मुलांना आवडते. तिथे उन्हात डोळे दिपतात, टोप्या न्या.

पाचव्या दिवशी तातारा पूल ओलांडून ओमिशिमा. पुलाच्या पायथ्याशी ‘मिची नो एकी’ म्हणजे रस्त्याकडेचं विसाव्याचं स्थानक आहे आणि जवळच तंबूंची जागा. अंतर अगदी थोडं, त्यामुळे दुपार मोकळी मिळते. जोर असेल तर टेकडी ओलांडून ओयामाझुमी देवस्थानाला जाऊन या. सामुराई आपली शस्त्रं आणि चिलखतं या देवाला वाहायचे, त्यांचा मोठा संग्रह तिथे बघायला मिळतो. आवारातलं कापराचं प्राचीन झाडही थांबून बघण्यासारखं. सहाव्या दिवशी हाकाताजिमा आणि तिथून ओशिमा. ओशिमाच्या मियाकुबोला मुराकामी कुळाच्या समुद्री योद्ध्यांचं संग्रहालय आहे आणि तिथून भरती-ओहोटीचे प्रवाह दाखवायला बोट नेतात. पाणी उकळावं तसं भोवरे घेतं. त्या बोटीसाठी पैसे खर्च करा. ते पाणी एकदा बघितलं की कुठल्याही किनाऱ्यावर मन मानेल तिथे पोहायचं नाही हे मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही. सातव्या दिवशी कुरुशिमाचा पूल. एकापुढे एक असे तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटरहून जास्त. उतरलात की इमाबारी.

हाकाताजिमा आणि ओशिमा यांच्यामध्ये मिचिकाजिमा नावाचं छोटं निर्जन बेट आहे. पूल त्याच्यावरूनच जातो, पण मोटारींना तिथे उतरताच येत नाही. फक्त पायी, सायकलने किंवा छोट्या दुचाकीने. तिथे तंबू टाकायला पैसे पडत नाहीत. वाचल्यावर सगळ्यांना तिथेच राहावंसं वाटतं, म्हणून सांगते: शनिवार-रविवारी दुचाकीवाल्यांची गर्दी असते, दुकान नाही, कचेरी नाही, रात्री काही लागलं तर अंधारात पुलाचा रस्ता चढावा लागतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, हवा स्वच्छ असताना, पिण्याचं पाणी आणि जेवण हाकाताहून घेऊन गेलात तर जरूर राहा. धाकटा त्या दिवशी कुरकुरत असेल तर नको.

आता सात वर्षांच्या मुलाचा मुद्दा. यात कायदा आडवा येतो. जपानमध्ये सायकलच्या मागच्या बालआसनावर शाळेत जायच्या वयाआधीचंच मूल बसवता येतं. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेला, म्हणजे ‘दमला तर मागे बसवू’ हा पर्याय बाद. त्याची सायकल आपल्या सायकलला बांधून ओढणं किंवा ट्रेलर यांच्या फंदात पडू नका, नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत. टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, दोन्ही प्रांतांत चालते आणि भाड्यानेही मिळते. पण मागच्याचे पाय पॅडलला पोचायला हवेत, म्हणून उंचीची अट असते, आणि ती बहुतेकदा घेतली त्याच ठिकाणी परत करावी लागते. माझं मत: मुलाला त्याच्या स्वतःच्या सायकलवरच येऊ द्या आणि दिवसाचं अंतर 15 ते 20 किलोमीटरच्या आत ठेवा. त्याचं सामान त्याच्याकडे देऊ नका, पाण्याची बाटली आणि वारा-पावसाचं जाकीट पुरे. एक मोठा माणूस पुढे, मग मुलं, शेवटी दुसरा मोठा माणूस. शेजारी शेजारी चालवणं तिथे बेकायदा आहे. 13 वर्षांखालच्या मुलांना पदपथावरून सायकल चालवायची मुभा आहे, पण चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. हेल्मेट सगळ्यांनी. चालवताना फोन हातात धरलात तर नोव्हेंबर 2024 पासून तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे, त्यामुळे नकाशा थांबूनच बघा.

यावरून सायकली न्यायच्या का याचं उत्तर निघतं. तुम्हा दोघांच्या आणि मुलीची अशा तीन सायकली तिथे भाड्याने घ्या. ओनोमिचीला बंदराजवळ आणि इमाबारीला भाड्याची केंद्रं आहेत, साध्या सायकली एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला देता येतात. मुलीची उंची आधी कळवा. मात्र मुलाची सायकल नाशिकहून न्या. लहान चाकांची सायकल खोक्यात सहज मावते, आणि ब्रेकची सवय, सीटची उंची हे सगळं त्याचं ठरलेलं असतं. त्याच्या वयात नवखी सायकल म्हणजे अर्धी शक्ती वाया. भाड्याच्या सायकलला मागे कॅरिअर आहे का, हे पत्र लिहून विचारा. बऱ्याच सायकलींना फक्त पुढे टोपली असते आणि तंबू टोपलीत मावत नाही. कॅरिअर असेल तर पॅनिअर, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या, भारतातून घेऊन जा.

आगगाडीत सायकल नेण्याचा नियम कडक आहे. चाकं काढून किंवा घडी घालून ती पूर्णपणे पिशवीत जायला हवी. सीट बाहेर डोकावतेय, चाक उघडं आहे, असं चालत नाही. तीन बाजूंची बेरीज अडीच मीटरच्या आत. मुलाच्या सायकलला ही अडचण नाही, पण घरी दोनचारदा पिशवीत भरून बघा. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधताना चेनकडची बाजू बाहेर ठेवा, आणि चेनवर जुनं फडकं गुंडाळा, नाहीतर पिशवी आणि कपडे दोन्ही काळे होतात. मोठ्या बॅगा ओनोमिचीच्या हॉटेलातून सरळ इमाबारीच्या हॉटेलात पाठवून द्या. ही सेवा जपानभर आहे आणि अत्यंत भरवशाची. पाठवताना पोचण्याची तारीख लिहून द्यायची, सामान तोवर ते सांभाळतात.

पुलांवर सायकलींना टोल माफ करण्याची योजना 2014 पासून मुदत वाढवत चालू ठेवलेली आहे. निघण्याआधी तेवढं बघून घ्या. टोल असला तरी सगळे पूल मिळून मोठ्यांना 500 येन, म्हणजे आराखडा बदलायची गरज नाही. सायकल विमा बहुतेक प्रांतांत बंधनकारक आहे. भाड्याच्या सायकलीत तो धरलेला असतो का ते विचारा, मुलाच्या सायकलसाठी वेगळा घ्या.

तंबूच्या जागा आधी राखून ठेवा आणि संध्याकाळी पाचच्या आत पोचा, कारण नोंदणीची कचेरी तेव्हा बंद होते. ‘मिची नो एकी’ची स्वच्छतागृहं रात्रभर उघडी असतात, म्हणून तिथेच तंबू टाकावा असं वाटतं. ते करू नका. ती जागा थोडा वेळ विसावण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. गवतावर थेट शेकोटी पेटवायला जवळजवळ सगळीकडे मनाई आहे. कचरा वेगवेगळा करून सांगतील तिथे टाकायचा, नाहीतर सोबत न्यायचा. सायकलवर कचऱ्याची पिशवी कुठे बांधणार हे आधीच ठरवा. रात्री खाण्याचं काहीही तंबूबाहेर ठेवू नका, या बेटांवर रानडुकरं आहेत आणि ती बागांत बिनधास्त फिरतात. वाळूवर साध्या खुंट्या टिकत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरून, तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधून त्या पुरा. मेमध्ये पहाटे गारठा असतो, 13-14 अंशांपर्यंत उतरतं. मुलांच्या अंगाखाली चांगली चटई हवी, पांघरुणापेक्षा तीच जास्त कामाची.

अंघोळीला सार्वजनिक स्नानगृहं आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. आधी अंग साबणाने धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, कपडे न घालता. सात वर्षांच्या मुलाने वडिलांबरोबर पुरुषांच्या भागात जायचं. आईबरोबर चालेल असं गृहीत धरू नका.

शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगते, कारण यावर घरोघरी खोटा दिलासा दिला जातो. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, आणि तो बहुधा वाळवलेल्या माशांचा असतो. सूप, भाज्या, नूडल्सचा रस्सा, सगळ्यात तो असतो. दुकानात मिळणाऱ्या करी मसाल्याच्या वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते. काटेकोर शाकाहारी असाल तर एक वेळचं जेवण स्वतः शिजवायचं हे धरूनच चाला. पॅकबंद शिजवलेला भात प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतो, पाकीट उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं की गरम भात तयार. त्यावर घरचा गोडा मसाला आणि टोफू, किंवा तूप-मीठ-लिंबू. लिंबाची तिथे ददात नाही. भाज्या, फळं, दही, शेंगदाणे, भाजलेली रताळी सगळीकडे मिळतात. भारतातून तयार उपमा, लाडू, चटण्या पॅकबंद न्या. कच्चे डाळ-तांदूळ आणि ताजी फळं नेऊ नका, त्यांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. मांसाचा अंश असलेलं काहीच चालत नाही. स्टोव्ह कॅसेट गॅसवर चालणारा तिथेच घ्या. त्याच्या लांबट नळकांड्या सुपरमार्केटमध्ये मिळतात, आणि विमानात गॅस नेता येत नाही. बेटांवरची दुकानं लवकर मिटतात, उद्याच्या नाश्त्याची खरेदी आज दुपारीच उरका.

तारखा: एप्रिल अखेर ते मेचा पहिला आठवडा ही जपानची गोल्डन वीकची सुट्टी, ती टाळा. त्यानंतरचे तीन आठवडे वर्षातले उत्तम. जूनच्या सुरुवातीला तिथला पावसाळा लागतो. दिवाळीच्या सुट्टीतही हवामान सुंदर असतं आणि रस्त्याकडेच्या विक्रेत्याविना चालणाऱ्या मांडवांवर संत्र्यांच्या पिशव्या असतात, डब्यात नाणं टाकून घ्यायच्या. पण नोव्हेंबरमध्ये पाचनंतर अंधार पडतो. मेमध्ये सातपर्यंत उजेड असतो, आणि लहान मुलांबरोबर ते दोन तास फार मोलाचे आहेत. ऑगस्टचा उकाडा आणि त्यापुढची वादळं, दोन्ही नकोत. वारा फार असेल तेव्हा पूल बंद करतात. त्या दिवशी मुक्काम वाढवायचा, एवढंच.

भूकंपासाठी फोनवर जपानच्या पर्यटन खात्याचं ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप घाला. सेतोचा समुद्र बेटांनी वेढलेला असल्याने प्रशांत किनाऱ्यापेक्षा त्सुनामीचा धोका कमी, पण शून्य नाही. तंबू टाकला की पहिलं काम: उंचावर जायची वाट मुलांबरोबर एकदा चालून या. हिरव्या पाट्या असतातच. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110.

परतताना ओसाकाला यायचं असेल तर इमाबारीजवळच्या तोयो बंदरातून रात्रीची बोट आहे. सायकल पिशवीत न भरता बोटीत चढवता येते, रात्री झोपायचं आणि पहाटे ओसाका.

आणि निघण्याआधी एकदा कोकणात जा. वेसवी ते बागमांडला फेरी आणि तिच्या आसपासचा किनारा, दोन रात्री, पूर्ण सामानासकट. तिथले चढ शिमानामीपेक्षा तीव्र आहेत, म्हणून अंतर कमी भरेल, हरकत नाही. मुलगा किती किलोमीटरनंतर गप्प होतो ते बघा. दमलेलं मूल तक्रार करण्याआधी बोलणं थांबवतं. तो आकडा लिहून ठेवा, आणि जपानमधला प्रत्येक मुक्काम त्याच्या आत येईल असाच राखून ठेवा.